तुरटी, वाळू आणि पडदा

कविसंमेलनासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. गुरुजींच्या घरी हातपंपाचं पाणी मिळालं. ‘‘काय नितळ पाणी आहे!’’ मी म्हणालो. पेला आणणारी त्यांची मुलगी हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात धरला. दातांवर तपकिरी पट्टे होते. गुरुजी म्हणाले, ‘‘भाऊ, या पाण्यानंच झालं हे.’’

आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. ते दिसत नाही, त्याला चवही नसते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलं, तर दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच वाढलं, तर पुढे हाडंही धरतात.

पावसाळ्यात माझी अम्मी गुंडात तुरटी फिरवायची. तुरटीमुळे मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. जलशुद्धीकरण केंद्रांत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. मग वाळूतून गाळणं आणि शेवटी क्लोरीन. इरई किंवा वैनगंगेच्या गढूळ पाण्याला ही रीत उत्तम. पण विरघळलेलं फ्लोराईड तिच्यातून निसटतं. उकळल्यानंही जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

आता पडद्याकडे वळू. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याची छिद्रं साधारण 0.01 मायक्रॉनची. जिवाणू त्याहून कितीतरी मोठे, म्हणून ते अडतात. क्षार मात्र पार होतात. क्षार अडवायला ‘आरओ’ लागतो. त्याचा उपयोगी पडदा 1960च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्याकडचे श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. तो फ्लोराईडही बहुतांशी रोखतो. पण त्याला दाब हवा, म्हणजे वीज हवी. पडदा बदलावा लागतो आणि बरंच पाणी वाया जातं. त्या सांडपाण्यात फ्लोराईड आणखी दाट झालेलं असतं; ते विहिरीजवळ सोडू नये. शिवाय शुद्ध पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून मळक्या भांड्यात ते पुन्हा नासतं.

वीज नसेल तर? नागपूरच्या ‘नीरी’नं नलगोंडा पद्धत दिली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. खर्च कमी, मात्र मापात चूक चालत नाही आणि गाळाचीही नीट विल्हेवाट लावावी लागते.

तेव्हा यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवता येतो. नदीच्या पाण्यात क्षार कमी असतील, तर आरओची गरज नाही. फ्लोराईड निघालं, तर नुसत्या गाळणीवर विसंबू नका.

गुरुजींच्या मुलीचे डाग आता पाणी बदलून जाणार नाहीत. पण तिच्या धाकट्या भावाचे पक्के दात अजून यायचे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)