यंत्र चांगले, पण कोणाच्या कामाचे?
पोलादी बांधकामाची यंत्रे आणि गिऱ्हाइकाची गरज

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार बहुतेक नवी मुंबईकरांनी बाहेरूनच पाहिलेला असतो. महामार्गावरून जाताना ट्रेलरवर लादलेल्या लांबलचक तुळया, अँगल, चॅनल आणि प्लेट्स दिसतात, वाहतूक तुंबली म्हणून थोडी चिडचिड होते आणि आपण पुढे जातो. मुंबईच्या कर्नाक बंदर आणि दारूखाना भागांतला लोखंडाचा व्यापार नव्या शहरात यावा, म्हणून सिडकोने हा बाजार वसवला. पण बाजारातले लोखंड म्हणजे इमारत नव्हे. शिंपी ताग्यातून सदरा काढतो तसे हे लोखंड मापाने कापून, त्याला भोके पाडून, जोडून, सरळ करून आणि रंगवून त्यातून गोदामाचा खांब, पुलाचा गर्डर किंवा विजेचा मनोरा काढावा लागतो. या कामाला सरसकट ‘फॅब्रिकेशन’ म्हणतात. ते करणारे लहानमोठे कारखाने तळोजा, रबाळे, महापे या औद्योगिक वसाहतींत आहेत.

या कारखान्यांना यंत्रे सुचवणे आणि विकणे हा माझा वीसेक वर्षांचा व्यवसाय. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “साहेब, सगळ्यात चांगलं मशिन कोणतं?” हा प्रश्न वरवर साधा दिसतो. त्याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाही. विचारणाऱ्याच्या कारखान्यातच ते शोधावे लागते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्रभर गेला. त्या काळी गिऱ्हाईक यंत्राला भीत होते. आज माझ्या धंद्यात नेमकी उलटी अडचण आहे. प्रदर्शनात ठिणग्या न उडवता, आवाज न करता तुळईला धडाधड भोके पाडणारे संगणकचलित यंत्र पाहिले, की कारखानदार मोहरतो. बँक कर्ज द्यायला तयार असते, विकणारा विकायला तयार असतो. ‘हे आपल्या कामाचे आहे का?’ एवढे विचारायचे तेवढे राहून जाते.

काम चार तऱ्हेचे

बाहेरच्या माणसाला सगळे फॅब्रिकेशन सारखेच दिसते. प्रत्यक्षात निदान चार वेगळे धंदे या एका नावाखाली चालतात.

पहिला मनोऱ्यांचा. वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांची मुंबईत जुनी परंपरा आहे. १९४५ साली स्थापन झालेली कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन म्हणजेच आजची केईसी इंटरनॅशनल. मनोरा जवळजवळ सगळा अँगलचा. वेल्डिंग नाममात्र, बोल्ट असंख्य, आणि एकाच मापाचे तुकडे पुन्हा पुन्हा. इथे ‘अँगल लाइन’ लागते. एका टोकाने अखंड अँगल आत जातो. यंत्र त्यावर तुकड्याचा क्रमांक ठोकते, भोके ठोकते, मापाला कापते आणि दुसऱ्या टोकाने तयार तुकडा बाहेर काढते.

दुसरा धंदा गोदामांचा आणि कारखान्यांच्या शेडचा. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आज पनवेल-उरणपासून भिवंडीपर्यंत पसरलेली गोदामे आपण पाहतोच. त्यांचे खांब नीट पाहिले तर खाली अरुंद आणि वर रुंद होत गेलेले दिसतात. जिथे भार जास्त तिथे लोखंड जास्त, असा तो हिशेब. असा निमुळता खांब बाजारात तयार मिळत नाही. तो तीन प्लेट्स कापून आणि जोडून करावा लागतो. म्हणून इथे प्लेट कापणारे यंत्र, सलग वेल्डिंग करणारी लाइन आणि वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेल्या कडा सरळ करणारे यंत्र महत्त्वाचे.

तिसरा धंदा रासायनिक कारखान्यांच्या पाइप-रॅकचा, जिन्यांचा आणि प्लॅटफॉर्मचा. तळोजा आणि पाताळगंगेत याला तोटा नाही. पण इथे एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. यंत्र किती वेगाने चालते, यापेक्षा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर किती लवकर वळते हे इथे पाहायचे. पुष्कळदा एक चांगली बँडसॉ आणि एक साधे ड्रिलिंग यंत्र पुरते.

चौथा धंदा पुलांचा. जाड प्लेट, कडक तपासणी आणि चुकीला क्षमा नाही. भोक ‘ठोकून’ पाडणे आणि ‘ड्रिल करून’ पाडणे यांतला फरक इथे जीवनमरणाचा होतो. ठोकताना पोलाद फाटते. भोकाच्या कडेला ते कडक होते, बारीक चिरा राहतात. पुलावरून दर गाडीगणिक ताण बदलत असतो आणि अशा चिरा हळूहळू वाढतात. म्हणूनच पोलादी बांधकामाचे भारतीय मानक, आयएस ८०० (२००७), वारंवार बदलत्या भाराच्या जोडांत १२ मिलिमीटरपेक्षा जाड प्लेटला भोक ठोकणे टाळायला सांगते. मनोऱ्यासाठी घेतलेले भोके ठोकणारे झटपट यंत्र पुलाच्या कामाला चालत नाही, ते यामुळे.

यंत्राचे जन्मगाव

युरोपात गाजलेले ‘बीम लाइन’ यंत्र तयार तुळई घेते, तिच्या तिन्ही बाजूंनी एकाच वेळी ड्रिल करते आणि करवतीने कापते. ते तिथल्या परिस्थितीतून जन्मले. तिथे नाना मापांच्या तयार तुळया सहज मिळतात आणि माणसाचा तास महाग असतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरातली ‘आयएसएमबी’ तुळई ६०० मिलिमीटर उंचीला संपते. आता समांतर कडांच्या मोठ्या तुळयाही देशात तयार होतात. तरीही मोठे खांब आणि गर्डर प्लेट जोडूनच करण्याची आपली सवय आहे आणि मजुरी तुलनेने स्वस्त आहे. प्रत्येक यंत्र आपल्या जन्मगावचा मजुरीचा दर सोबत घेऊन येते. तो दर आपल्या गावाला लागू पडतो का, हे पाहावे लागते.

त्यासाठी एक हिशेब करू. आकडे कल्पित आहेत, पण अवास्तव नाहीत. समजा, एका कारखान्यात महिन्याला ८,००० भोके पाडायची आहेत. खूण करून, सेंटर पंच मारून, मॅग्नेटिक ड्रिलने एक भोक पाडायला पाच मिनिटे धरली, तर ४०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६६७ तास. महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास काम करणारा माणूस २०८ तास देतो. म्हणजे हे सव्वातीन माणसांचे काम. माणशी २५ हजार धरले, तर खर्च महिन्याला ८० हजारांच्या आसपास. आता एक कोटीचे यंत्र ११ टक्के व्याजाच्या पाच वर्षांच्या कर्जावर घेतले, तर दरमहा हप्ता सुमारे २ लाख १७ हजार. वीज, ड्रिलची पाती आणि देखभाल वेगळी. नुसत्या मजुरीतून हा हप्ता निघायला महिन्याला निदान २२ हजार भोके हवीत.

पण हिशेब इथे थांबवला तर तोही खोटा ठरतो. २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ मिलिमीटरचे भोक असते. चुकायला जागा काय ती दोन मिलिमीटरची. साइटवर तुळई तीस फूट वर टांगलेली, तासावर भाड्याने आणलेली क्रेन खाली उभी आणि बोल्ट आत जात नाही, अशी वेळ आली की कोणीतरी गॅस पेटवून भोक वाढवतो. जोड तिथे कमकुवत होतो आणि कागदावर त्याची नोंदही राहत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला ‘महिन्याला किती टन?’ या प्रश्नाआधी ‘साइटवरून किती तुकडे परत येतात?’ हे विचारतो. त्याचे उत्तर मोठे असेल, तर मजुरीच्या हिशेबात न बसणारे यंत्रही घ्यावे.

तुंबते कुठे?

तळोज्यातले एक कारखानदार काही वर्षांपूर्वी बीम लाइन घ्यायला निघाले होते. पनवेल तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन तारण ठेवायची तयारी होती. त्यांचे मुख्य काम गोदामांचे. मी म्हटले, “शेठ, तीन दिवस मला नुसतं शेडमध्ये बसू द्या.” ते हसले. “बसा की. चहा आमच्याकडून.”

तीन दिवसांत ड्रिलपाशी माल फारसा साचलाच नाही. साचत होता तो दोन ठिकाणी. एक, प्लेट कापणाऱ्या गॅस-कटरच्या पुढे. आणि दोन, वेल्डिंगनंतर, वाकलेल्या कडा सरळ होण्याची वाट पाहत. ड्रिल दुप्पट वेगाने चालले असते, तरी दरवाजातून एकही जादा खांब बाहेर पडला नसता. त्यांनी प्लेट कापण्याचे संगणकचलित यंत्र आणि कडा सरळ करणारे यंत्र घेतले. एकूण खर्च बीम लाइनच्या निम्म्याहून कमी झाला, अर्थात माझी विक्रीही तेवढीच घटली. जमीन तारण ठेवावी लागली नाही.

यंत्र निवडताना पाहायचे ते हेच. ओढ्याला बांध कुठे आहे ते न पाहता वरचा प्रवाह वाढवला, तर पाणी पुढे जात नाही, मागे तुंबते.

दुसरी तुंबण्याची जागा डोळ्यांना दिसत नाही, ती ड्रॉइंग-कचेरीत असते. संगणकचलित यंत्राला कागदावरचा नकाशा कळत नाही. त्याला प्रत्येक तुकड्याची आज्ञावली लागते. जर्मन पोलादी बांधकाम संघटनेच्या ‘डीएसटीव्ही’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यासाठी जगभर वापरतात. बांधकामाचे त्रिमितीय चित्र संगणकावर नीट केले, तर ही आज्ञावली आपोआप निघते. गिऱ्हाईक हाताने दुरुस्त्या केलेले नकाशे पाठवत असेल, तर कोटीचे यंत्र सकाळभर माहितीची वाट पाहत बसते. अशा वेळी मी आधी एक ड्राफ्ट्समन आणि संगणकप्रणाली घ्यायला सांगतो. ती मी विकत नाही, तरीही.

कोकणातल्या हवेचाही विचार करावा लागतो. शॉट ब्लास्टिंगने चकचकीत केलेली प्लेट पावसाळ्यात काही तासांत तांबूस होऊ लागते. त्यामुळे ब्लास्टिंगचे यंत्र कितीही मोठे घेतले, तरी लगोलग रंगवायला कोरडी, झाकलेली जागा नसेल तर ते काम दुबार होते. यंत्राच्या किमतीत ही छपराखालची जागा कोणी धरत नाही.

खूण करणारा माणूस

यंत्र आले की पहिले भय वाटते ते ‘मार्किंग’ करणाऱ्या कारागिराला. खडू, दोरी आणि गुण्या घेऊन तो प्लेटवर भूमिती मांडत असतो. पुष्कळदा शाळा अर्धवट सुटलेली, पण कोणती कड वेल्डिंगने किती ओढली जाईल हे त्याला आधीच ठाऊक असते. ज्या कारखान्यांनी त्याला यंत्रावर बसवले, पहिला तुकडा तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवला, तिथे यंत्र चटकन रुळलेले मी पाहिले आहे. जिथे त्याला घरी पाठवले, तिथे चुकीची आज्ञावली शंभर तुकड्यांवर बिनचूक उमटली, आणि ती चूक ओळखणारे शेडमध्ये कोणी उरले नव्हते.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर, भारतात प्रथमच, पोलादी पाट्यांचा ‘ऑर्थोट्रॉपिक’ डेक वापरला गेला. असे नवे काम या खाडीच्या दोन्ही काठांवर येत राहील आणि त्याच्याबरोबर नवी यंत्रेही येतील. त्यांतली काही इथल्या कारखान्यांना खरोखर हवी आहेत. घेण्यापूर्वी कारखानदाराने तीन गोष्टी स्वतः मोजाव्यात : गेल्या वर्षी दरवाजातून नेमके काय बाहेर पडले, माल कुठे साचतो आणि साइटवरून काय परत आले. ही मोजणी करायला वही, पेन्सिल आणि आठवडाभराची चिकाटी पुरते. ती वही घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला यंत्र सुचवायला मला फार वेळ लागत नाही. आणि कधी कधी ती वही पाहून दोघांच्याही लक्षात येते, की यंदा यंत्र नको, आणखी एक क्रेन हवी.