साइटवरची मशिनरी चोरीला जाते? टॅग घेण्याआधी हे वाचा

माझा मामा कराडचा, स्लॅबची कामं घेतो. मागच्या वर्षी सांगलीकडच्या एका साइटवरून रात्रीत त्याचा व्हायब्रेटर, दोन ग्राइंडर आणि ड्रिल मशीन गेलं. सकाळी स्लॅब टाकायचा होता. वीस माणसं हजर, मिक्सर हजर, आणि व्हायब्रेटर नाही! भाड्याने आणेपर्यंत दुपार झाली.

पैशांचं नुकसान झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांचा संशय वॉचमन काकांवर गेला. पुरावा काहीच नव्हता. काकांनी आठवड्याभरात काम सोडलं. मामाने नंतर दोनदा फोन केला, पण ते परत आले नाहीत.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "सिरीयल नंबर काय? बिल आहे का?" मामाकडे दोन्ही नव्हतं. म्हणजे उद्या तेच मशीन जुन्या बाजारात समोर दिसलं असतं, तरी ते आपलंच आहे हे सांगायचं कसं?

तेव्हापासून मी त्याच्यासाठी एक साधी गुगल शीट केली आहे. प्रत्येक मशीनचे तीन फोटो: पूर्ण मशीन, नंबरची पट्टी आणि बिल. नंबरचं स्टिकर सिमेंटने महिन्याभरात घासून जातं, त्यामुळे फोटो नवीन असतानाच काढा. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, बारीक आकडे वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवाय मशीनच्या बॉडीवर कोरून नाव टाकलंय. रंगाने लिहिलेलं थिनरने पुसता येतं. मोबाईल चोरीला गेला तर आयएमईआय टाकून 'संचार साथी'वरून तो ब्लॉक करता येतो. ग्राइंडरसाठी तसली सोय नाही, त्यामुळे ही शीट हाच आपला आधार.

आता तुमचा आवडता प्रश्न: "एअरटॅग लावू का?"

आधी तो चालतो कसा ते बघू. टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो फक्त ब्लूटूथचा सिग्नल सोडतो. जवळून कुणाचा आयफोन गेला की तो फोन स्वतःचं लोकेशन ॲपलला कळवतो आणि ते तुम्हाला दिसतं. साताऱ्याच्या राजवाड्यावर किंवा मिरज स्टेशनवर हे मस्त चालेल. पण कृष्णेकाठच्या आडबाजूच्या साइटवर रात्री दोन वाजता आयफोन घेऊन कोण फिरणार? आपल्याकडे अँड्रॉइडवालेच जास्त, त्यामुळे गुगलच्या 'फाइंड हब'वर चालणारा टॅग बरा. त्यातही एक मेख आहे. सेटिंग मुळातच 'फक्त गर्दीच्या ठिकाणी' असं असतं. मजुरांच्या, मुकादमाच्या फोनमध्ये ते बदलून 'सगळीकडे' केलं, तर आडबाजूलाही टॅग सापडण्याची शक्यता वाढते. अर्थात, त्यांना विचारून.

दुसरी अडचण अशी की लोखंडी पेटीत टॅग टाकला की सिग्नल अडतो. आणि टॅगचा वापर कुणाचा पाठलाग करायला होऊ नये म्हणून ॲपल आणि गुगलने सोय केली आहे: अनोळखी टॅग सोबत फिरतोय, अशी सूचना फोनवर येते. म्हणजे चोरालाही येऊ शकते! टॅग हा विसरलेली वस्तू शोधायला बनवलाय, चोर पकडायला नाही. हरवलेल्या ड्रिलसाठी ठीक, त्यापलीकडे फार भरवसा ठेवू नका.

जनरेटर, जेसीबी असल्या मोठ्या वस्तूंना मात्र सिमवाला जीपीएस ट्रॅकर लावाच. मशीनच्या बॅटरीवरून चालतो आणि मोबाईल नेटवर्कवरून लोकेशन पाठवतो. जिओफेन्स म्हणजे नकाशावर साइटभोवती आखलेली रेघ. मशीन ती ओलांडलं की फोन वाजतो. जेसीबीच्या लाइव्हलिंकमध्ये ही सोय आहे. याची गरज का? जुन्या बऱ्याच मशीनना एकाच कंपनीची एकच चावी सगळीकडे चालते.

कॅमेरा घ्यायचा तर सोलरवर चालणारा, सिमवाला घ्या. साइटवर लाइटचा भरवसा नाही आणि वायफाय तर नाहीच. तोंड सामानाच्या खोलीकडे ठेवा, मजुरांच्या झोपड्यांकडे नको. तिथे बायकापोरं राहतात.

चोरी झालीच, तर लोकेशन दिसलं म्हणून मित्रांना घेऊन तिकडे धावू नका. ११२ ला फोन करा. कराडहून निघालेला टेम्पो पाऊण तासात सांगली जिल्ह्यात असतो, त्यामुळे "हद्द आमची नाही" हे ऐकायची वेळ येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. जाताना शीटची प्रिंट सोबत न्या.

मामाच्या साइटवर आता रोज संध्याकाळी सहाला सामानाच्या पेटीचा उघडा फोटो ग्रुपवर पडतो. नवीन वॉचमननेच मागितला तो. म्हणाला, "रात्री माझ्या ताब्यात काय दिलं, ते आधी दाखवा."