वखारीचा मुनीम का थकतो?

मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाने प्रॉक्सी सर्व्हरच्या प्रोसेसरवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु शाळा-महाविद्यालयांतून हा प्रश्न वारंवार उद्भवतो, आणि त्याचे कारण न शोधता नवे यंत्र विकत घेण्याकडे कल असतो. पैसा लोकवर्गणीचा असेल तर अशा खर्चापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे. शिवाय या दुखण्याचे एक मूळ शब्दांत आहे. ते पुढे येईलच.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे सुरतकरांना समजावण्यासाठी फार दूर जावयास नको. सतराव्या शतकात इंग्रज व डच कंपन्यांच्या वखारी याच शहरात होत्या. जहाज येण्यापूर्वीच माल खरेदी करून वखारीत साठवीत, म्हणजे जहाजाला खोळंबावे लागत नसे. प्रॉक्सी सर्व्हर हा असाच मधला अडत्या होय. एका विद्यार्थ्याने एखादे पान मागितले की तो ते बाहेरून आणतो, त्याची प्रत वखारीत ठेवतो, आणि दुसऱ्याने तेच मागितल्यास ती प्रत हाती देतो. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. प्रोसेसर हा या वखारीचा मुनीम समजावा.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. जोडणी मंद व महाग होती, म्हणून अशी वखार फार उपयोगी पडे. ‘हार्वेस्ट’ या अमेरिकन संशोधन-प्रकल्पातून निघालेली आणि ड्वेन वेसल्स यांनी पुढे वाढविलेली ‘स्क्विड’ ही आज्ञावली १९९६ मध्ये आली. ती मुक्त व विनामूल्य असल्याने जगभर पसरली. पुढील विवेचन तिलाच धरून आहे.

पहिला प्रश्न असा की, मुनीम खरोखर काम करीत आहे की वाट पाहत बसला आहे? लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता प्रोसेसरचा वेळ कोठे जातो याची टक्केवारी दिसते. डिस्कची वाट पाहण्यातच बराच वेळ जात असेल, तर वेगवान प्रोसेसर आणून काही साधणार नाही. वखारीच्या प्रत्येक गिगाबाइटमागे तिची सूची सांभाळण्यास आजच्या यंत्रांवर सुमारे १४ मेगाबाइट स्मृती लागते. म्हणजे १०० गिगाबाइटच्या वखारीची नुसती सूचीच सुमारे १.४ गिगाबाइट जागा अडविते. स्मृती अपुरी पडली की यंत्र डिस्कचा आधार घेते आणि सारा कारभार मंदावतो. तेथे उपाय वखार लहान करण्याचा अथवा स्मृती वाढविण्याचा.

दुसरा प्रश्न मोजणीचा. स्क्विडचे मुख्य काम मुळात एकच प्रक्रिया करते. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एक गाभा १०० टक्के थकलेला आणि तीन रिकामे असले, तर सरासरी २५ टक्केच दिसते आणि ‘यंत्र तर मोकळे आहे’ असा भ्रम होतो. म्हणून प्रत्येक गाभा वेगळा पाहावा. २०१२ मध्ये स्थिर झालेल्या ३.२ या आवृत्तीपासून अनेक प्रक्रिया एकत्र चालविण्याची सोय आली आहे. पण ती वापरण्यापूर्वी तो एक गाभा कशात गुंतला आहे हे शोधले पाहिजे.

आता शब्दांकडे वळतो. येथील एका संस्थेत दुपारच्या तासिकेला पानेच उघडत नसत. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नव्या सर्व्हरची खरेदी जवळजवळ ठरली होती. एका जाणत्या माजी विद्यार्थ्याने तपासले, तेव्हा निषिद्ध शब्दांची काही हजार ओळींची यादी सापडली. मुलाने कोणतेही पान मागितले की त्याचा पत्ता या यादीतील ओळींशी एकेक करून ताडून पाहिला जाई. सारा वेळ त्यातच खर्ची पडे. त्या यादीत ‘चॅट’ हा शब्द होता. त्याची चार रोमन अक्षरे ‘पंचतंत्र’ या नावाच्या रोमन लेखनात सलग येतात! त्यामुळे ज्या संस्थळाच्या नावात पंचतंत्र असेल तेही बंद. ‘गेम’ची अक्षरे जीवशास्त्रातील ‘गॅमीट’ या संज्ञेत येतात, म्हणून तीही अडे. यंत्राला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही; आणि मुलांना मात्र ज्ञानाचे दार बंद मिळते.

उपाय साधा निघाला. शब्दांऐवजी संस्थळांच्या नावांची यादी केली. अशी यादी स्क्विड क्रमवार रचून ठेवते, त्यामुळे शब्दकोशात शब्द शोधावा तसे नाव चटकन सापडते. आज बहुतेक पाने सांकेतिक रूपात प्रवास करतात आणि प्रॉक्सीला सहसा संस्थळाचे नावच दिसते. म्हणून लांबलचक शब्दयादीचा उपयोगही फारसा उरलेला नाही. यादी बदलताच दुपारची कोंडी सुटली आणि खरेदी रद्द झाली.

अन्य कारणेही आहेत. नोंदवही अतिसूक्ष्म तपशिलाने लिहिण्याची आज्ञा चुकून तशीच राहिली, तर मुनीम लिहिण्यातच दमतो. सांकेतिक पाने मध्येच उकलून पाहण्याची व्यवस्था केली असेल, तर तिचे गणित प्रोसेसरला जड जाते. एखादा बिघडलेला संगणक परवाना नाकारला गेला तरी दर क्षणाला तीच मागणी करीत राहतो. असा संगणक नोंदवहीत मागण्या मोजल्या की सापडतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी काम आणि प्रतीक्षा वेगळी करावी, मग प्रत्येक गाभा पाहावा, मग नोंदवही, मग याद्या. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा हे कळत नाही. एवढे करूनही मागणीच खरोखर वाढलेली आढळली, तर नवे यंत्र अवश्य घ्यावे. तो खर्च मग विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल.