पोटाचे काम, मनाचे काम आणि प्रोग्रॅमर

ज्याचे आयुष्य महाडच्या रासायनिक कारखान्यांच्या फाटकांवर कामगारांच्या सभा घेण्यात गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रात्रपाळीनंतरच्या चहाच्या टपरीवर झाले. तेव्हा या विषयातले पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु आमच्याच मुलांपैकी अनेकजण आता पुण्यात हेच काम करतात. आणि जे आमच्या मुलांचे काम, ते समजून घेणे हे आमचेही काम आहे.

निमित्त असे घडले. गेल्या गणपतीत पोलादपूर तालुक्यातील एका वाडीचा तरुण आमच्याकडे आला. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या संघटनेचे जुने सभासद. मुलगा पुण्यात प्रोग्रॅमर. नव्या कंपनीचे नेमणूकपत्र हातात. "काका, पगार चांगला आहे, पण हे एक कलम वाचा," तो म्हणाला. कलमाचा मथितार्थ असा की, नोकरीत असेपर्यंत त्याने केव्हाही, कोठेही, कोणत्याही साधनाने जे काही निर्माण केले असेल, त्याची मालकी कंपनीची.

"मग यात तुझे काय जाते?" आम्ही विचारले.

"काका, माझा खेळ जातो."

हा खेळ काय, हे कळण्यासाठी आधी प्रोग्रॅमर करतो काय, हे पाहू. आमच्या कारखान्यात रिॲक्टरवरच्या माणसाला एक कागद दिलेला असतो: अमुक माल घाला, ढवळणी सुरू करा, तापमान इतक्या अंशांवर गेले की वाफ बंद करा, दाब वाढला तर थंड पाणी सोडा. आज्ञावली म्हणजे असाच कागद. फरक एवढाच की, आमच्या माणसाला अक्कल असते. कागदात चूक असली तर तो ती सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. 'वाफ बंद करा' लिहायचे राहिले, तर ते वाफ बंद करणार नाही. म्हणून प्रोग्रॅमरला प्रत्येक 'जर' आणि प्रत्येक 'तर' आधीच मनात घडवून पाहावा लागतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग नवे लिहिण्यात न जाता कोठे काय चुकले ते शोधण्यात जातो. गळती नेमकी कोणत्या जोडावर आहे हे शोधणाऱ्या फिटरसारखा.

हे बुद्धीचे काम आहे, यात शंका नाही. परंतु ते तुकड्यांचेही काम आहे. हा तरुण चार वर्षे परदेशातील एका बँकेच्या हिशेबातला एक लहानसा भाग दुरुस्त करीत होता. ती बँक त्याने पाहिली नव्हती. आपला भाग वापरणारा माणूसही कधी पाहिला नव्हता. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांनीही आयुष्यभर सूत पाहिले. त्या सुताचा सदरा अंगात घालणारा पाहिला नाही. वातानुकूलित खोली आणि गिरणीचे खाते यांत फरक पुष्कळ आहे. या एका बाबतीत मात्र नाही.

आता खेळाकडे येऊ. 22 जुलै 2021 ची रात्र महाडकरांना सांगायला नको. त्या तरुणाच्या मावशीचे बाजारपेठेत किराणा दुकान आहे. सावित्रीचे पाणी चढू लागले की दुकानातला माल माडीवर न्यायचा; वेळ थोडा, हात दोन, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. आधी काय उचलायचे? तांदळाची पोती, वजनकाटा, उधारीच्या वह्या, की खाटेवरची आजी? हाच त्याचा खेळ. पावसाचा जोर आणि भरतीची वेळ यांप्रमाणे पाणी दर वेळी निराळ्या वेगाने चढते. पायऱ्या, भिंती, पोती यांची चित्रे त्याने स्वतः काढली; पावसाचा आवाज गावच्या पत्र्याखाली टिपला. मावशी खेळली आणि म्हणाली, "अरे, गोडेतेलाचे डबे खाली राहिले तरी चालतात, साखर आधी उचल." त्याने तसा फेर केला.

या खेळात आज्ञावली आहे, चित्र आहे, नाद आहे, गोष्ट आहे. शिवाय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते सगळे एका माणसाचे आहे. दिवसभर जो दुसऱ्याच्या संपूर्णाचा तुकडा करतो, त्याला रात्री स्वतःचे लहानसे का होईना, संपूर्ण हवे असते. काम करून शिणलेला प्रोग्रॅमर पुन्हा त्याच यंत्रापुढे का बसतो, याचे उत्तर आमच्या मते हे आहे.

यात नवे काही नाही. गिरणगावात आपल्या तालुक्यांतली माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. तरीही त्यांची भजनी मंडळे होती, कबड्डीचे संघ होते, गणपतीत जाखडी होती. साच्यावर वाकलेला माणूस रात्री नमनात राजा होई. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाचे काम केले, आणि 1962 साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. सरकारलाही हे मान्य करावे लागले. 1953 साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि कल्याण केंद्रांतून कामगारांची नाटके उभी राहिली.

संगणकाच्या इतिहासातही हेच दिसते. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी ग्रहांमधून यान फिरवण्याचा एक खेळ लिहिला. तो चालवायला त्यांनी कोपऱ्यात पडून असलेले एक लहान यंत्र हाताशी धरले. आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्स नावाची मूलभूत प्रणाली जन्मली. 1991 साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून एक प्रणाली लिहून लोकांपुढे ठेवली. तिचे नाव लिनक्स. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात तिचा गाभा आहे.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 1984 साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातील अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' हा वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा खेळ केला. तो जगभर विकला गेला. पण हक्क सरकारी संस्थेकडे होते, आणि कर्त्याला त्याचा मोबदला 1996 पासून मिळू लागला. मालक भांडवलदार असो वा सरकार, कागदावर काय लिहिले आहे हे महत्त्वाचे असते, हा धडा आम्हा दोन्ही बाजूंनी घेण्यासारखा आहे.

आपल्याकडचा कागद काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 17 वे कलम सांगते की, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक धनी; करारात वेगळे ठरले असेल तर वेगळे. 1984 च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत गणली गेली. म्हणजे कचेरीत पगारावर लिहिलेले कंपनीचे. हे न्याय्यच आहे. घरी, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळात, नोकरीशी संबंध नसलेले जे लिहिले, ते नोकरीचा भाग ठरत नाही. ते कायद्याने जात नाही. ते जाते सहीने.

आणि वेळ तरी उरतो किती? 2023 साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे मत मांडले. सहा दिवसांवर वाटले तर ते रोजचे 11 तास 40 मिनिटे होतात. इंग्रजांच्या राज्यात 1922 च्या फॅक्टरी कायद्याने गिरणी कामगाराची मर्यादा आठवड्याला 60 तास केली होती. 1948 च्या कायद्यात ती 48 होती. 'आवडीचे काम आहे, मग घड्याळ कशाला पाहता?' असे प्रोग्रॅमरला सांगितले जाते. आवड ही त्याची आहे. तिचे तास फुकट मिळण्याचा हक्क धन्याला नाही.

येथे आमच्या चळवळीची चूकही कबूल केली पाहिजे. 1960 नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. पुढे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती बसली. 1972 साली तिचा अहवाल आला. या यंत्राने किती नोकऱ्या जातील, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांनी विचारला आणि तो योग्यच होता. परंतु त्या यंत्रापुढे जो बसेल तोही कामगारच असेल, हे आम्ही उशिरा ओळखले; आणि त्यानेही स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोच केला. परिणामी त्याचे नेमणूकपत्र आजवर त्याने एकट्यानेच वाचले.

त्या तरुणाला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. सही करण्यापूर्वी लेखी विचार. तुझा खेळ काय आहे आणि तो कधीपासूनचा आहे, हे तारखेसह लिहून दे. आणि तुझ्याबरोबर रुजू होणाऱ्यांना हे कलम दाखव. पहिले उत्तर आले, 'एकासाठी नियम बदलत नाही.' मग आणखी चौघांनी तसेच पत्र दिले. एकीला गोधडीच्या नक्षीची आज्ञावली सांभाळायची होती, एकाला कीर्तनाच्या ध्वनिफिती लावण्याची. आठवडाभराने नेमणूकपत्राला एक जादा पान जोडून आले. त्यावर प्रत्येकाने आपापले काम नोंदवले. मूळ कलम मात्र तसेच आहे. पुढच्या वर्षी नवे काही सुचले, तर पुन्हा पत्र लिहावे लागेल.

महाडकरांना यात अनोळखी काही नाही. चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 साली केला होता. पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, हजारो माणसे मिळून चालत गेली तेव्हा. आमच्या जादा पानाची त्या दिवसाशी बरोबरी नाही. पण ठराव आणि हक्क यांच्यामध्ये माणसांना चालावे लागते, ही गोष्ट तीच आहे.

तेव्हा ज्यांची मुले-मुली अशा नोकरीत आहेत, त्यांना विनंती: ती घरी आली की पगार विचारण्याबरोबर रात्री काय करतात तेही विचारा, आणि नेमणूकपत्र असेल तर ते घेऊन आमच्याकडे या. संघटनेची कचेरी रविवारी सकाळी उघडी असते. ती सुटीसुद्धा कोणी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना बरोबर घेऊन ती 10 जून 1890 रोजी मिळवली. तो वार त्याच कामासाठी वापरावा, असे आम्हाला वाटते. आणि दुपारनंतर ज्याला खेळ करायचा असेल त्याने खेळ करावा.