नागाच्या विषाची पारख जेलमध्येच व्हावी

पेणच्या खारेपाटात आणि डोंगराकडच्या वाड्यांवर भातशेतीची कामं सुरू होतात ती सापांच्याच मोसमात. दंश झालेल्या माणसाला उपजिल्हा रुग्णालयात टोचलं जाणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच असतं. त्यात घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं असतात. ती विषातल्या कोणत्या प्रथिनाला धरतात आणि कोणतं सोडतात, हे प्रयोगशाळेत कळतं. पण त्यासाठीची रूढ पद्धत नेमक्या घातक जागी अपुरी पडते. नागाच्या विषातली श्वास बंद पाडणारी प्रथिनं फार लहान, साधारण ७,००० डाल्टनची. १९७९ पासून चालत आलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये, जेलमध्ये आकारानुसार वेगळी झालेली प्रथिनं विजेच्या साहाय्याने सच्छिद्र पडद्यावर उतरवतात. ७,००० डाल्टनचं प्रथिन त्या छिद्रांतून पार निघून जाऊ शकतं. मग पडद्यावर पट्टा उमटला नाही, तर प्रतिविष दुबळं की प्रथिनच हरवलं?

पडदा वगळून जेलमध्येच शोध घेतला, तर ही शंका बरीच कमी होते. आधी जेल आयसोप्रोपेनॉल आणि ॲसिटिक आम्लात भिजवतात. व्हिनेगरचा तो आंबूस वास दरवळतो त्याच टप्प्यावर सगळं अवलंबून आहे, कारण तिथे प्रथिनं जागच्या जागी धरली गेली नाहीत तर लहान प्रथिनं जेलमधूनही पाझरून जातात. पुढे धुणं, प्रतिविष आणि घोड्याच्या प्रतिपिंडांना चिकटणारा रंग. त्याला ७८५ नॅनोमीटरच्या लेझरने उजळलं की तो ८०० च्या आसपास चमकतो. डोळ्याला हे दिसत नाही, यंत्राला दिसतं. आणि या अवरक्त प्रकाशात जेलची स्वतःची चमक कमी असल्याने फिकट पट्टाही उठून येतो.

आक्षेप खरे आहेत. लाखाहून जास्त डाल्टनचं प्रतिपिंड दाट जेलमध्ये सावकाश शिरतं, जास्त लागतं, आणि संवेदनशीलतेत पडदा बहुधा सरस ठरतो. म्हणून जोडीला दुसरं जेल कूमासी निळ्याने रंगवावं. प्रथिनाला बांधलेला हा रंगही अवरक्त प्रकाशात चमकतो आणि प्रथिन किती उरलं ते दाखवतो. जेलसाठी डिटर्जंटने उलगडलेलं विष खऱ्या विषासारखं राहत नाही, हा आक्षेप पडद्यालाही तितकाच लागू आहे. त्यामुळे विष निकामी होतं की नाही याची अंतिम चाचणी वेगळी करावीच लागेल. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज आहे. प्रतिविष बनवणाऱ्यांनी आपल्या अहवालात ७,००० डाल्टनच्या पट्ट्याचं जेलमधलं चित्र जोडावं, आणि खरेदी करणाऱ्या सरकारने ते मागावं.