आकाशातला आरसा

मुलांनो, एक चेंडू घ्या आणि त्यावर खराट्याची सरळ काडी टेकवा. काय दिसतं? काडी एकाच जागी टेकते. पुढे चेंडू खाली वळतो आणि काडी आपली सरळ हवेत!

अगदी हीच अडचण १९०१ साली मोठमोठ्या जाणकारांना दिसत होती. गुलिएल्मो मार्कोनी हा २७ वर्षांचा इटालियन तरुण म्हणत होता, की मी तारेशिवाय अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पोचवीन. जाणकार म्हणाले, छे! रेडिओलहरी प्रकाशासारख्या सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल. लहरी जातील निघून अंतराळात. हा आक्षेप काही अडाणीपणाचा नव्हता, बरं का!

इंग्लंडमधल्या पोल्धूहून मोर्सच्या लिपीतलं 'एस' हे अक्षर, म्हणजे तीन ठिपके, पुन्हा पुन्हा पाठवायचं ठरलं. मार्कोनी स्वतः गेला सुमारे ३४०० किलोमीटर दूर, न्यूफाउंडलंडला. तिथल्या टेकडीवर वारा असा, की एरियल उचलून धरणारा फुगाच उडून गेला. मग पठ्ठ्यानं पतंग चढवला! १२ डिसेंबर १९०१ च्या दुपारी त्याच्या कानात वाजलं, टिक-टिक-टिक. त्यानं रिसीव्हर आपला मदतनीस केंप याच्या हाती दिला. त्यालाही ऐकू आलं.

पण पुरावा काय? दोघांचे कान, बस्स! कागदावर काहीच उमटलं नव्हतं. विजेची खरखर ऐकली असेल, असं कित्येकांना वाटलं. काही अभ्यासकांना तर आजही शंका आहे. मार्कोनी रुसून बसला नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावर यंत्र बसवून तो निघाला. या वेळी संदेश कागदी पट्टीवर उमटले, तेही जहाजाच्या कप्तानासमक्ष. रात्री सुमारे २५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश आले. दिवसा मात्र ११०० किलोमीटरच्या आसपासच सगळं गप्प!

मग आपल्या काडीचं काय? त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी वेगवेगळा तर्क केला, की उंच आकाशात विद्युतभारित हवेचा थर असावा. लहरी त्यावर आदळून आरशातल्या कवडशासारख्या खाली परततात. १९२४ साली ॲपल्टननं प्रयोग करून तो थर सिद्ध केला. दिवसा उन्हामुळे त्याखाली आणखी एक थर तयार होतो आणि लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला, की तो विरतो.

घरात जुना रेडिओ असेल, तर रात्री मीडियम वेव्हवर काटा हळूहळू फिरवून पाहा. दिवसा जिथं नुसती खरखर असते, तिथं एखादं लांबचं केंद्र लागेल. कोणतं लागलं, ते वहीत लिहून ठेवा.