गणिताच्या तासाची पोटदुखी

शाळा सुरू झाल्या की माझ्या दवाखान्यात सकाळच्या पोटदुखीची मुले येऊ लागतात. रविवारी दुखत नाही, सोमवारी दुखते. पोट तपासावे तर मऊ, लघवी-शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही. "नाटकं करतो हो डॉक्टर!" आई म्हणते. मुलगा खाली मान घालून बसलेला. "पहिला तास कशाचा रे?" असे विचारले की बहुधा उत्तर येते, "गणिताचा."

हे नाटक नव्हे. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आतड्यांची हालचाल बिघडते आणि पोटात कळ येते. ती कळ खरी असते. २०१२ साली इयन लायन्स आणि सायन बायलॉक या संशोधकांनी गणिताची धास्ती असलेल्या प्रौढांच्या मेंदूचे चित्रण केले. आता गणित येणार अशी खूण दिसताच वेदनेशी संबंधित भाग जागे झाले. मौज अशी, की प्रत्यक्ष आकडेमोड करताना तसे दिसले नाही!

शिवाय हातचा लक्षात ठेवणे हे काम मेंदूतील तुटपुंज्या तात्पुरत्या स्मृतीवर चालते. भीतीचे विचार तीच जागा अडवतात. घरी सुटलेले उदाहरण फळ्यापुढे चुकते ते बरेचदा यामुळे. त्यावर धपाटा दिला तर भीती आणखी वाढते.

बोटांवर मोजण्याबद्दलही लिहायला हवे, कारण त्यापायी लहानपणी मी छड्या खाल्ल्या आहेत. बोटे आकडा धरून ठेवतात, तेवढा स्मृतीवरचा भार हलका होतो. सुझन गोल्डिन-मेडो यांच्या २००९ च्या प्रयोगात, गणित सोडवताना योग्य हातवारे करायला लावलेली मुले हातवारे न करणाऱ्यांपेक्षा अधिक शिकली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून शिक्षणसाधने केली, तीही मुलांच्या हाताला काम देणारीच. तेव्हा पहिली-दुसरीतल्या मुलापुढे खुशाल मूठभर चिंचोके ठेवा. बोटे मोजू द्या.

पोट दुखते म्हणून रोज घरी मात्र ठेवू नका. एकदा शाळा टळली की भीती बळावते. गुरुजींना भेटून नेमके कुठे अडते ते विचारा. आणि दुखण्याने रात्री जाग येत असेल, उलट्या, ताप, शौचातून रक्त किंवा वजनात घट असेल, तर गणिताला बोल न लावता मुलाला लगेच तपासून घ्या.